प्रस्तावना : जामीनदार कुठून आणायचा?

तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई बसली होती. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. दुसऱ्या वर्षाच्या आठ-दहा मुलामुलींना घेऊन मी त्या दिवशी कोर्टाचं कामकाज दाखवायला गेलो होतो. आमच्यातली एक मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली, तशी ती बाई एकेक कागद काढून तिच्या हातात देऊ लागली. रेशनकार्डाची झेरॉक्स. आधारची झेरॉक्स. भावाच्या नावचा सातबारा, घडीवर फाटत आलेला. आणि मुलाच्या जामिनाचा हुकूम. जामीन मंजूर होऊन अठरा दिवस झाले होते आणि मुलगा अजून आतच होता. हुकमात पंधरा हजारांचा स्थानिक जामीनदार मागितला होता. ही माणसं वीटभट्टीवर कामाला आलेली, भावाची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात. "हितं आम्हाला कोण वळखतंय, पोरी?" बाई म्हणाली.

मुलगी उठून माझ्याकडे आली आणि तिनं विचारलं, "सर, हे कुठल्या पेपरात येतं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. जामिनाची कलमं कायद्याच्या पेपरात येतात. स्थलांतर, नातेसंबंध, जमिनीची मालकी हे समाजशास्त्राच्या पेपरात येतं. पण जामीन मिळूनही माणूस आत का राहतो, याचं उत्तर या दोन पेपरांच्या मधल्या जागेत पडलेलं आहे आणि परीक्षेत त्या जागेला गुण नाहीत. जामीनदार म्हणजे नुसती रक्कम नव्हे. आपल्या नावावर काहीतरी असलेला, त्याच भागात मूळ धरलेला आणि आपल्यासाठी कोर्टाची पायरी चढायला तयार असलेला माणूस, असा त्याचा अर्थ होतो. असा माणूस ज्याच्यापाशी आहे तो संध्याकाळी घरी जातो. ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी मंजूर झालेला जामीन हा नुसता कागद असतो.

मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं हेच झालं होतं. दंडाधिकाऱ्यानं त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. १९७८ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 'मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या निकालात ही पद्धत चुकीची ठरवली. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की, स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा अशा प्रकरणांत ती अट घालू नये. मधे ४५ वर्षं गेली. निकाल तोच, व्हरांडाही तोच. कायदा बदलतो पण व्यवहार का बदलत नाही, हा प्रश्न ज्याला अस्वस्थ करतो त्याच्यासाठी हे पुस्तक आहे.

विद्यापीठात समाजशास्त्र आणि फौजदारी न्यायव्यवस्था हे विषय एकत्र घेणारी मुलं आता वाढत आहेत. काहींना पोलिसात जायचं असतं, काही स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असतात, काहींना टीव्हीवरच्या तपासकथांनी ओढून आणलेलं असतं. यातलं कुठलंही कारण मी कमी लेखत नाही. पण बहुतेक जण एक समजूत घेऊन येतात: गुन्हेगार नावाची एक वेगळी जात असते आणि ती ओळखण्याचं शास्त्र इथं शिकवतात. इटलीच्या लोम्ब्रोसोनं १८७६ मध्ये नेमका हाच दावा केला होता. कवटीच्या आणि जबड्याच्या मोजमापावरून जन्मजात गुन्हेगार सांगता येतो, असं तो म्हणे. शास्त्र म्हणून ते केव्हाच मोडीत निघालं. समजूत मात्र घरोघरी शाबूत आहे, आणि पहिले सहा महिने आम्हा शिक्षकांना ती उकलण्यातच घालवावे लागतात.

आपल्याकडे या दोन विद्या वेगवेगळ्या घरांत वाढल्या. मुंबईत सरकारी लॉ कॉलेजचं काम १८५५ मध्ये सुरू झालं. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. १९२४ पासून तिथं गो. स. घुर्ये आले आणि जात, कुटुंब, जमाती, शहरं यांचा अभ्यास करणाऱ्यांची एक पिढीच त्यांनी घडवली. १९३६ मध्ये मुंबईतच समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तुरुंग, बालगृह, पोलीस ठाणं ही अभ्यासाची आणि कामाचीही ठिकाणं आहेत, हे तिथं रुजलं. 'प्रयास' हा १९९० मध्ये सुरू झालेला तिचा प्रकल्प कोठडीतल्या आणि कोठडीतून सुटलेल्या माणसांबरोबर आजही काम करतो. पण सर्वसाधारण महाविद्यालयात वकिलीच्या विद्यार्थ्यानं जातीवरचं एक पुस्तक वाचलेलं नसतं आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं दोषारोपपत्र डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. या तुटकपणानं दोघांचंही नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

मराठीत मात्र हा तुटकपणा सुरुवातीला नव्हता. आपल्या मुलांना मी विषयाची सुरुवात युरोपातून करू देत नाही, ती पुण्यातून करायला लावतो. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा. स्वयंपाकाचं काम करून पोट भरणारी. तिला फसवलं गेलं, मूल झालं, आणि लोकलाजेपायी तिनं ते मारलं. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायद्याच्या लेखी विषय तिथं संपला: आरोपी सापडली, गुन्हा शाबीत झाला, शिक्षा ठोठावली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या लेखी तो तिथं सुरू झाला. विधवेला पुन्हा लग्न करता येत नाही, तिच्या पोटातल्या मुलाच्या बापाला कुणी विचारत नाही, आणि मूल जन्मलं तर तिला जगता येत नाही. मग विहिरीत सापडणाऱ्या त्या अर्भकाचा खुनी नेमका कोण? १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशा जाहिराती लावल्या. १८७४ मध्ये तिथंच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. गुन्ह्याचं सामाजिक कारण शोधायचं आणि त्या कारणावरच उपाय करायचा, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

पुढे १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अशाच आरोपात फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रं बायकांच्या बिघडलेल्या नीतीबद्दल लिहू लागली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली ती या गदारोळातून. दुर्गुण म्हणून जे बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असं त्या एकेक दुर्गुण घेऊन विचारतात. आजच्या भाषेत सांगायचं तर कलंक कोण लावतं, कुणाला लावतं आणि त्यातून कोण सुटतं, याची ती चिकित्सा आहे. अमेरिकेत हॉवर्ड बेकर यांनी १९६३ च्या 'आउटसायडर्स'मध्ये मांडलं की, विचलन हे कृत्याच्या अंगी नसतं, समाज नियम करतो आणि निवडक माणसांना तो लावतो, त्यातून ते घडतं. बेकर जरूर वाचा. पण ताराबाई आधी वाचा.

नियम कोण करतं, याचं आणखी एक उदाहरण घरचंच आहे. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं उभे राहिले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ज्या उत्तरांसाठी कर्व्यांना आरोपी केलं, तशी उत्तरं आज डॉक्टर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत देतात. आणि बाबासाहेबांकडे पाहा. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला, त्यात जात टिकवण्याचं मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे, हे दाखवलं. आणि तोच माणूस पुढे मुंबईच्या कोर्टात वकिली करत होता. दोन्ही विद्या एका माणसात नांदल्या की काय होतं, ते संविधानात दिसतं.

सिद्धांतांची ओळख पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे, इथं दोनच गोष्टी. एमिल दुर्खिम यांनी १८९५ मध्ये म्हटलं की, गुन्हा नसलेला समाज असू शकत नाही. सगळे संत असलेल्या मठातही बारीकशी चूक गुन्हा ठरेल. विद्यार्थ्यांना हे ऐकून धक्का बसतो, कारण गुन्हा म्हणजे रोग असं त्यांनी धरलेलं असतं. दुसरे एडविन सदरलंड. १९३९ च्या भाषणात त्यांनी पांढरपेशा गुन्ह्यांकडे लक्ष वेधलं. गुन्ह्याचं मूळ गरिबीत आहे असं म्हणणारे फक्त पकडल्या गेलेल्यांकडे पाहतात, हा त्यांचा मुद्दा. १९४९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं तेव्हा प्रकाशकानं बदनामीच्या दाव्याच्या भीतीनं कंपन्यांची नावं गाळली. ती नावं घालून पुस्तक छापलं गेलं १९८३ मध्ये. वीटभट्टीवरच्या मुलाचं नाव मात्र अटकेच्या दिवशीच फलकावर खडूनं लिहिलेलं होतं.

गुन्हा कृत्यावरून न ठरवता जन्मावरून ठरवण्याचा प्रयोग या देशात सरकारनं केला, आणि महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यानं तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. आधी उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ च्या कायद्यानं देशभर पसरला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की पोरासोरांसकट सगळे गुन्हेगार. १८७१ च्या कायद्यात तर या अधिसूचनेविरुद्ध कोर्टात दादच मागता येत नव्हती. हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात कैकाडी, भामटा, पारधी अशा जमातींच्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं आणि तिथून माणसं गिरण्यांत कामाला जात. शहराचा तो भाग आजही 'सेटलमेंट' याच नावानं ओळखला जातो. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पुरतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला आणि जमाती 'विमुक्त' झाल्या. पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलीस ठाण्याची नजर तिथंच राहिली. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७) मी साहित्याची पुस्तकं म्हणून लावत नाही, मूळ साधनं म्हणून लावतो. पोलीस पालावर आले की आत काय होतं, याची नोंद स्टेशन डायरीत मिळणार नाही, ती इथं मिळेल.

हा इतिहास संपलेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलींत जातीनुसार झाडलोट आणि स्वयंपाक वाटून देणाऱ्या, आणि सराईत गुन्हेगाराची व्याख्या विमुक्त जमातींशी जोडणाऱ्या तरतुदी होत्या. न्यायालयानं त्या घटनाबाह्य ठरवल्या. तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. संविधान लागू होऊन ७४ वर्षं झाली होती. नियमावल्या कुणी वाचत नाही, म्हणून त्या टिकतात. या विषयाच्या विद्यार्थ्यानं त्या वाचाव्यात.

आकडे वाचायला शिकणं हे त्याहून अवघड. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल कुणालाही मिळतात, आणि दरवर्षी 'गुन्हे वाढले' किंवा 'घटले' असे मथळे येतात. पण तिथं मोजले जातात ते नोंदवलेले गुन्हे. ठाण्यावर गेलेली बाई तक्रार न घेता परत पाठवली, तर ती त्या आकड्यात नाही. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो, त्यामुळे बलात्कार करून केलेला खून हा खुनाच्या रकान्यात जातो. एखाद्या जिल्ह्यात नोंद चोख होऊ लागली की आकडा चढतो आणि अधिकाऱ्याला जाब विचारला जातो. तुरुंगांचे आकडे मात्र बरेच थेट बोलतात: २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार ३०२ न्यायाधीन बंदी होती, म्हणजे आतल्या भाषेत कच्चे कैदी. चारातले तीन. गुन्हा शाबीत न झालेले. हा आकडा मी फळ्यावर लिहितो आणि थोडा वेळ काही बोलत नाही. व्हरांड्यातल्या बाईचा मुलगा याच रकान्यात होता. पुढे विधी सेवेच्या वकिलांनी अर्ज केला, जामीनदाराऐवजी रोख रक्कम घेण्याचं कोर्टानं मान्य केलं, भट्टीवरच्या चौघांनी पैसे जमवले, आणि तो सुटला.

निकालपत्र समाजशास्त्राच्या डोळ्यांनी वाचायचं म्हणजे काय, हे १९७९ च्या एका पत्रावरून कळतं. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचं प्रकरण. उच्च न्यायालयानं दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या आणि तिनं विरोध केल्याचं दिसत नव्हतं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचा प्रश्न कलमांपुरता नव्हता. रात्रीची वेळ, पोलिसांचं ठाणं, घरचे बाहेर थांबवलेले, अशा जागी एका गरीब आदिवासी मुलीचं गप्प राहणं ही संमती कशी? शरण जाणं आणि राजी होणं यातला फरक सत्तेचा अभ्यास केल्याशिवाय दिसत नाही. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या पत्राची भाषा शांत आहे. मुलांना मी ते मोठ्यानं वाचायला लावतो.

शिक्षेबद्दल पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याआधी जमलं तर आटपाडी तालुक्यातल्या स्वतंत्रपूरला जाऊन या. औंध संस्थानानं १९३९ मध्ये उभी केलेली ही खुली वसाहत. भिंत नाही, कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) याच प्रयोगावरून सुचला आणि त्याची कथा त्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांची. सिनेमा सगळ्यांना ठाऊक, वसाहत फार थोड्यांना.

शेवटी कामाच्या पद्धतीविषयी. अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांत बाल न्याय मंडळापुढे सामाजिक तपास अहवाल जातो, प्रौढांच्या बाबतीत १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाचं लिखाण न्यायव्यवस्थेत थेट शिरतं ते या दारानं, आणि दोन पानांच्या त्या अहवालावर एखाद्या मुलाची पुढची वर्षं ठरू शकतात. माझा एक विद्यार्थी परिविक्षा अधिकाऱ्यांच्या हाताखाली शिकत होता. चोरीच्या प्रकरणातल्या एका मुलाच्या घरी जाऊन आला आणि त्यानं कच्चा मसुदा लिहिला: वडील व्यसनी, घरातील वातावरण दूषित, पाल्यावर नियंत्रण नाही. मी विचारलं, दारू पिताना पाहिलंस? नाही, शेजारच्यानं सांगितलं. वडील काय करत होते? झोपले होते. किती वाजता? दुपारी चारला. का झोपले होते, विचारलंस? तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी स्वतःहून पुन्हा गेला, आणि संध्याकाळी नवा मसुदा घेऊन आला.

त्यात लिहिलं होतं: वडील रात्रपाळीला वॉचमन आहेत, सकाळी आठला घरी येतात. घर एका खोलीचे असून दिवसा ते झोपतात तेव्हा मुले बाहेर असतात. आई दोन घरी धुण्याभांड्याला जाते. मुलाची तिसरी ते सातवीची प्रगतिपुस्तके बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेली आहेत. आईने ती न विचारता दाखवली.